क्राऊनातलं तेल

पाकळी काही पडेना.

गुरव दत्ताराम रवळनाथासमोर मांडी घालून बसला होता आणि त्याच्या मागे कृष्णनाथ गावस हात जोडून उभा होता. मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला पिटकुळीच्या फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या. उजवी पडली तर एक आणि डावी पडली तर दुसरं, असं देवाला नीट सांगून झालं होतं. एरवी हा देव माणसाला ताटकळत ठेवणारा नव्हे. लग्न असो, विहीर असो, गाऱ्हाणं संपायच्या आत पाकळी टपकन खाली यायची. आज मात्र समईची वात सारून झाली, बाहेर दूधवाल्याची मोटारसायकल येऊन गेली, तरी दोन्ही पाकळ्या आपापल्या जागी घट्ट बसून होत्या.

"रे कृष्णनाथा," दत्ताराम मान न वळवता म्हणाला, "देवाक काय इचारलंय आपण, ता परत एकदा सांग बघू. माझाच कायतरी चुकला वाटता."

"क्राऊनात सिंथेटिक तेल घालू, की साधा नव्वद नंबर, ता."

"क्राऊन म्हंजे?"

"गाडयेखाली वाकलास तर एक्सलाच्या मधी मोठो गोळो दिसता मरे, तो. तेच्यात दातेरी चाकां आसतत. इंजिनाचा फिरणा थयसून चाकाक जाता. एक पुढे आसा, एक मागे."

"आणि शिंथेटिक?"

"कारखान्यात केलेला तेल. पातळ आसता. गरम झाला तरी जळणा नाय."

दत्तारामने सुस्कारा सोडला. पंचवीस वर्षं तो ह्या गाभाऱ्यात बसत होता, पण असलं गाऱ्हाणं त्याच्या तोंडून कधी गेलं नव्हतं. तरी माणूस आपल्या कामाला पक्का. घसा खाकरून त्याने पुन्हा सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, गावच्या राखणदारा! आयज तुझा लेकरू कृष्णनाथ तुझ्या पायाकडे उभा आसा म्हाराजा. तेच्या गाडयेच्या गोळ्यात कारखान्याचा तेल घालूचा आसात, तर उजवी दी. साधा तेल घालूचा आसात, तर डावी दी. आमका कळणा नाय म्हणान तुझ्याकडे इलंव. काय ता स्पष्ट सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," कृष्णनाथ म्हणाला.

दोघेही वाट बघत राहिले. एक मुंगी उजव्या पाकळीवर चढली, इकडेतिकडे हिंडली आणि उतरून गेली. पाकळी जागची हलली नाही.

गाडीच्या तेलासाठी देवाला कोण वेठीला धरतं, असं कुणालाही वाटेल. पण ज्याला तसं वाटेल त्याने कृष्णनाथ गावसला पाहिलेलं नाही. डिचोली तालुक्यातल्या त्या गावात कौल सगळेच लावतात, पण कृष्णनाथाइतका कुणी लावत नाही. भाग्यलक्ष्मीशी लग्न करावं का, हे त्याने देवाला विचारलं, तिथपर्यंत ठीक होतं. पुढे घराला पिवळा रंग द्यावा की निळा, दाढ म्हापशाला काढावी की पणजीला, म्हशीला कुठल्या दिवशी बाजारात न्यावं, हेही त्याने देवालाच विचारलं. चावडीवर लोक त्याची टर उडवायचे की कृष्णनाथाला शिंक आली तरी तो आधी देवळात जाऊन येतो. भाग्यलक्ष्मी तर पाहुण्यांसमोर उघड म्हणायची, "ह्यांचो संसार देवान केलो. मी आपली रांधून घातलंय."

कृष्णनाथ हसण्यावारी न्यायचा. त्याला स्वतःला मात्र आतून ठाऊक होतं की त्यात भक्तीपेक्षा भीती जास्त आहे. देवाने सांगितलं म्हटलं की मागाहून काही बिघडलं तरी आपल्या अंगावर येत नाही. माणूस सुखाने झोपू शकतो. तेवढ्या झोपेसाठी तो आयुष्यभर देवळाच्या पायऱ्या चढत आला होता.

आणि गंमत अशी, की हाच माणूस स्टीअरिंगवर बसला की वेगळा व्हायचा. खाणी चालू होत्या त्या काळात तो कंपनीची जीप चालवायचा. एकदा खाणीच्या उतारावर ब्रेक गेले. मागे मोजणीवाले चौघे बसलेले, एका बाजूला कडा, समोरून भरलेला ट्रक येत होता. कृष्णनाथाने पापणी लवायच्या आत जीप डाव्या अंगाच्या मातीच्या ढिगात घुसवली. चौघे धूळ झटकत खाली उतरले. त्यातल्या एकाने नंतर विचारलं, "तुका सुचला कसा?" कृष्णनाथ म्हणाला, "सुचूक वेळ खय होतो?"

मग खाणी बंद पडल्या. गावातले ट्रक झाडाखाली गंजले, माणसं कुठे कुठे पांगली. कंपनीने जुन्या गाड्या मोडीत काढल्या तेव्हा कृष्णनाथाने, अर्थातच कौल लावून, ती जीप घेतली. पावसाळ्यात धबधब्यावर माणसं न्यायची, उन्हाळ्यात डोंगरावरून काजूची पोती उतरवायची, मोसम संपला की हरमलच्या किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांच्या खुर्च्या आणि टेबलं भरून आणायची, असं करत दिवस काढले. पोट भरलं, नाही असं नाही. पण सकाळी सात वाजता भोंगा झाल्यावर बूट घालून निघणारा ड्रायव्हर कृष्णनाथ कुठेतरी हरवला, आणि कुणी बोलावलं तर जाणारा, न बोलावलं तर पडवीत बसणारा माणूस उरला. त्या माणसाचा त्याला स्वतःलाच कंटाळा आला होता.

आता खाण पुन्हा सुरू झाली होती. नव्या कंपनीला मोजणीच्या माणसांसाठी स्वतःची फोर-बाय-फोर गाडी असलेला एक ड्रायव्हर हवा होता, बारमाही. खाणीचा चढ जाणणारा माणूस म्हणून कुणीतरी कृष्णनाथाचं नाव सांगितलं. मात्र गाडीची परीक्षा होणार होती. वजन भरून खाणीच्या तळापासून माथ्यापर्यंत न थांबता फेऱ्या मारायच्या आणि मग गाडी कोऱ्या पुठ्ठ्यांवर उभी करायची. पुठ्ठ्यावर तेलाचा एक जरी थेंब पडला तरी गाडी परत. खाणीखाली लोकांची शेतं होती आणि पावसात तेल वाहून शेतात जातं म्हणून पूर्वी मोठी भांडणं झाली होती. नवी कंपनी त्याबाबत कडक होती. आधी आलेल्या दोन्ही जीप त्या पुठ्ठ्यावरच नापास झाल्या होत्या. कृष्णनाथाची पाळी उद्या, बुधवारी होती. वय सत्तावन्न. ही संधी गेली की पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तेलाचा घोळ इथेच होता. गेल्या महिन्यात चोर्ला घाट चढताना मागचा क्राऊन असा रडायला लागला की मागच्या सीटवरची माणसं खाली उतरून चालू लागली. साधं जाड तेल तापून निकामी होत होतं. खाणीचा चढ तर घाटापेक्षा वाईट. सिंथेटिक घातलं तर चढ निभावेल, पण पातळ तेल जुन्या सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यातून, वाट काढतं आणि थेंब पडतो. साधं घातलं तर थेंब पडणार नाही, पण चढावर गाडी रडेल. चढ राखावा तर पुठ्ठा जातो, पुठ्ठा राखावा तर चढ जातो. असल्या पेचात माणसाने देवाकडे जायचं नाही तर कुठे?

"देव आयज बोलणा नाय," शेवटी दत्ताराम उठत म्हणाला. त्याचे गुडघे कडकड वाजले. "फाल्यां ये."

"फाल्यां सकाळीच परीक्षा आसा रे!"

"मगे तूच काय ता बघ."

त्या देवळात कृष्णनाथाला असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. तो पायऱ्या उतरला खरा, पण चप्पल घालायची राहून गेली आणि जीपपर्यंत गेल्यावर तापलेल्या फरशीने आठवण करून दिली.

साखळीला योगेशचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. कृष्णनाथ आत शिरला आणि काउंटरजवळच्या स्टुलावर बसला. गेले आठ दिवस तो रोज येऊन ह्याच स्टुलावर बसत होता, त्यामुळे योगेशने काही न विचारता दोन्ही डबे पुढ्यात ठेवले.

"मेळलो कौल?" योगेशने विचारलं. सगळ्या बाजाराला माहीत होतं.

"नाय."

"पळय काका, मी तुका परत सांगतंय. सिंथेटिक घाल. खाणीवरची सगळी नवी मशीनां ह्याच तेलार चलतत."

"नव्या मशीनाची सील नवी आसता. माझ्या पुढच्या क्राऊनाची सील जीप जल्माक इली तेदनाची आसा."

"मागची मी दिलंय मरे तुका."

"मागची दिलंस. पुढची खय आसा?"

योगेशने हात पसरले. पुढची सील कारखान्याने बनवायचीच सोडली होती. बेळगावला एकाकडे होती, पण ती सोमवारी येणार होती. सोमवारपर्यंत कंपनी थांबणार नव्हती.

"मगे साधा घाल," योगेश कंटाळून म्हणाला.

"साधा घातलंय तर चढार रडतली."

"मगे सिंथेटिक घाल!"

"थेंब पडतलो."

योगेशने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आठ दिवस हाच संवाद ऐकून संतसुद्धा वैतागला असता. कृष्णनाथ बराच वेळ डब्यांवरची अक्षरं वाचत बसला. मग त्याने दोन्ही डबे आणि गिअरबॉक्सच्या सिंथेटिकचा वेगळा लहान डबा उचलला. सगळंच घेतलं म्हणजे काहीच ठरवायला नको, एवढाच त्यामागचा विचार.

अनंताचं गॅरेज गावाबाहेर, एका फणसाखाली. अनंत आणि कृष्णनाथ जुन्या खाणीवर एकत्र होते, एक गाड्या चालवायचा, दुसरा त्या दुरुस्त करायचा. अनंताचं मत ठाम होतं आणि ते त्याने कृष्णनाथ जीपमधून उतरायच्या आत सांगून टाकलं.

"साधाच घाल. म्हाताऱ्याक आयत्या वेळार नवीन खाणा देव नये, पोट बिघाडता."

"आणि चढ?"

"सावकाश चढव."

"थांबाक देणत नाय रे. आणि सावकाश चढवलंय तर जास्तच तापतली."

"मगे माका इचारतंस कित्याक? देवाक इचार."

"इचारलंय. देव बोललो नाय."

अनंताच्या हातातला पाना थांबला. त्याने कृष्णनाथाकडे नीट पाहिलं आणि जीप खड्ड्यावर घ्यायची खूण केली. निदान जुनं तेल तरी काढून ठेवू, नवं कुठलं ते मग बघू, असं दोघांचं ठरलं.

कृष्णनाथ स्वतः खड्ड्यात उतरला. मागच्या क्राऊनचा बूच सैल केला, खाली बाल्दी धरली. तेल आलं ते काळंकुट्ट, जळक्या वासाचं. त्याने दोन बोटांत घेऊन चोळलं. बोटांवर बारीक चांदीसारखी चमक उरली. दातांची झीज ती. बिचारा मागचा क्राऊन, सगळा चढ ह्यानेच ओढला, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला त्या लोखंडाच्या गोळ्याची दया आली.

मग तो सरकत पुढच्या क्राऊनखाली गेला. बूच काढला. ह्यातलं तेल संथपणे, मधासारखं उतरलं. रंग जवळजवळ नव्यासारखा. पुन्हा दोन बोटांत चोळलं, चमक नाही. वास घेतला, जळका नाही.

कृष्णनाथ तसाच वाकून उभा राहिला. तेल बाल्दीत पडत होतं आणि तो त्याच्याकडे बघत होता.

पुढची चाकं जोर लावतात ती फक्त फोर-बाय-फोर टाकल्यावर. आणि चढावर गाडीचा सगळा भार मागे येतो. पुढचा क्राऊन कधी तापलाच नव्हता. त्याला सिंथेटिकची गरजच नव्हती. गरज होती मागच्याला, आणि मागची सील तर नवी कोरी होती! जुनी सील पुढे, जिथे जाड साधं तेल आरामात चालणार होतं. आठ दिवस तो योगेशला, अनंताला, शेवटी देवालासुद्धा एकच प्रश्न विचारत होता, गाडीला हे घालू की ते. आणि क्राऊन दोन होते. दोघांचं दुखणं वेगळं होतं.

पाकळी कुठली पडणार? उजवी म्हणावी तर पुढचा गळेल, डावी म्हणावी तर मागचा जळेल. देवाने तोंड उघडलं नाही, ह्यात देवाची काय चूक?

"अनंता!" त्याने खड्ड्यातून हाक मारली. "मागच्याक सिंथेटिक भर. पुढच्याक साधा नव्वद."

"दोन दोन तऱ्हेची?" वरून अनंताचं डोकं डोकावलं. "असा कोण करता?"

"घरं दोन आसत तेंची. एकाचा तेल दुसऱ्यात जाता खय?"

अनंताने डोकं खाजवलं. "जाणा नाय ता खरा. आणि गिअरबॉक्साक?"

"तेका तेचा वेगळा सिंथेटिक, ल्हान डब्यातला. क्राऊनाचा घालशीत तर पितळेच्यो रिंगो खातला."

"थयची सील?"

"क्लच केलंस तेदना तूच घातलंस मरे नवीन!"

एका दमात तीन उत्तरं देणारा कृष्णनाथ अनंताने स्टीअरिंगबाहेर कधी पाहिला नव्हता. तो डबा आणायला गेला, आणि जाताना हळूच म्हणाला, "माझ्या डोक्यात कसा येवक नाय ह्या?" कृष्णनाथाच्याही डोक्यात ते आठ दिवस आलं नव्हतं. बोटांना कळलं म्हणून कळलं.

तेल भरून झालं आणि मग भीती आली. घरी जाताना वाटेत त्याने अनेकदा जीप थांबवून खाली वाकून पाहिलं. ह्या वेळी चुकलं तर देवाच्या नावावर टाकता येणार नव्हतं. उद्या पुठ्ठ्यावर थेंब पडला तर तो सरळ कृष्णनाथ गावसचा थेंब असणार होता.

भाग्यलक्ष्मी पडवीत नारळ खवत बसली होती. "काय सांगल्यान देवान?"

"देव बोललो नाय."

"मगे तेल?"

"घातलंय."

तिचा हात थांबला. "कोणाक इचारून?"

कृष्णनाथ न्हाणीघरात निघून गेला आणि कोपरापर्यंत हात धूत राहिला. तेलाचा वास काही केल्या जाईना. रात्री जेवण त्याला गेलं नाही. भाग्यलक्ष्मीने दोनदा वाढायला घेतलं, दोनदा तो नको म्हणाला, पण तिने विषय काढला नाही. बाई तोंडाने फटकळ असली तरी कुठे गप्प बसायचं हे जाणत होती.

सकाळी तो अंघोळ करून बाहेर आला तर जीप लखलखत होती. भाग्यलक्ष्मीने पहाटेच बाल्द्याच्या बाल्द्या पाणी ओतून ती धुतली होती आणि पुढच्या काचेवर जास्वंदीचं फूल ठेवलं होतं.

"एवढा धुवक कित्या गो?" तो म्हणाला. "थय तांबडी धूळच आसा."

"धूळ थयची लागांदी. घरातसून जाताना बरी दिसूक व्हयी."

खाणीच्या फाटकावर गौरवी नाईक उभी होती. पेडण्याकडची मुलगी, कंपनीत सुरक्षेची अधिकारी, कृष्णनाथाच्या पुतण्याच्या वयाची. डोक्यावर हेल्मेट, हातात टॉर्च. बोलणं गोड, पण नजर अशी की बूच सैल असला तर आपणहून घट्ट व्हावा.

"काका, पोती भरलीं मागे. आतां सकयल वचात आनी वयर येयात. थांबूंक ना हां."

कृष्णनाथाने फोर-बाय-फोरचा दांडा ओढला, लो गिअर टाकला आणि तो तळाकडे उतरला. बारा वर्षांत खाण बदलली होती, तळाला हिरवं पाणी साचून आटलं होतं, पण चढ तोच होता. पहिल्या वळणावर त्याचा पाय आपोआप उचलला गेला, दुसऱ्यावर आपोआप दाबला गेला. कान मात्र मागे लागलेले. चोर्ल्याच्या घाटात जिथून रडं सुरू झालं होतं तेवढा चढ मागे पडला. इंजिन गुरगुरत होतं, चाकांखाली खडी फुटत होती, आणि मागचा क्राऊन गप्प होता.

पुन्हा खाली, पुन्हा वर. शेवटच्या फेरीला माथ्यावर आल्यावर गौरवीने उष्णता मोजायचं एक यंत्र मागच्या क्राऊनजवळ धरलं आणि आकडा बघून मान हलवली. चढ झाला होता.

आता पुठ्ठा. सपाट जागेवर तीन कोरे पुठ्ठे अंथरले, जीप त्यांवर उभी केली. "घंटाभर रावचें पडटलें काका. च्या घेयात."

चहा समोर होता तसा निवला. कृष्णनाथ जीपकडे पाठ करून बसला, कारण बघवत नव्हतं, आणि मग पुन्हा वळून बसला, कारण न बघता राहवत नव्हतं. त्याच्या मनात देवाला हाक मारायचं आलं, पण काय म्हणून मारायची? मी केलं ते निभावून ने, एवढंच म्हणता येत होतं. तेवढं तो म्हणाला.

तास भरला. गौरवी वाकली, पुठ्ठा ओढून काढला. मागचा कोरा. मधला कोरा. पुढचा पुठ्ठा काढला आणि ती थबकली.

त्यावर हातभर लांबीचा ओला डाग होता.

पुढचा! जुनी सील. जिथे साधं जाड तेल घातलं तिथेच गळलं. सगळं गणितच चुकलं. कृष्णनाथाला भाग्यलक्ष्मी दिसली, पडवी दिसली, आणि पडवीत बसलेला तो माणूस दिसला, ज्याला तो काल मागे टाकून आला असं त्याला वाटलं होतं. त्याने गळ्यातला टॉवेल हातात घेतला. जायला निघावं हेच बरं.

गौरवीने डागावर बोट टेकवलं. बोट चोळलं. नाकाशी नेलं. पुन्हा चोळलं. मग ती उताणी होऊन जीपखाली सरकली. टॉर्चचा उजेड क्राऊनवर फिरला, तिथून चॅसीच्या पोकळ पट्टीवर गेला, तिथे थांबला. तिने पट्टीवर थाप मारली, तसा आतून पाण्याचा एक घोट भदकन पुठ्ठ्यावर पडला.

"काका," ती जीपखालूनच हसत म्हणाली, "गाडी धुयल्या काय आयज?"

"बायलेन," कृष्णनाथ कसाबसा म्हणाला.

"उदक तें. तेल ना. सील सुकी खडखडीत आसा."

कृष्णनाथ खाली बसला. बसला म्हणजे खडीवर, पँटीची पर्वा न करता. त्याला हसू येत होतं आणि हसायला गेला तर डोळ्यांतून पाणी येत होतं. गेले आठ दिवस छातीवर कुणीतरी पोतं ठेवलं होतं ते उचललं गेलं. असं हलकं वाटत होतं की उभं राहायची घाईच नव्हती. गौरवी बाहेर आली, तिने अंगावरची धूळ झटकली आणि तीही बाजूला उकिडवी बसली.

"कसलें तेल घालां? खबर आसूंक जाय म्हणून विचारतां. हे चडणेर इतली पोरनी जीप इतली थंड रावूंक ना केन्नाच."

"मागे सिंथेटिक. पुढे साधा."

"दोन तरांचें?" तिने भुवया उंचावल्या. "कोणें सांगलें तशें करूंक?"

कृष्णनाथाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जन्मभराच्या सवयीने एक नाव शोधू लागला. दत्ताराम नाही. योगेश नाही. अनंत नाही. देव तर गप्पच होता.

"कोणी नाय," तो म्हणाला. "मीच ठरवलंय."

दुपारपर्यंत त्याला हेल्मेट मिळालं, फाटकाचा पास मिळाला, उद्या सात वाजता हजर व्हायचा हुकूम मिळाला. परत जाताना त्याने साखळीच्या बाजाराशी जीप थांबवली आणि घरी फोन लावला. पलीकडे पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. बाई फोन हातात घेऊनच बसलेली असावी.

"झाला," तो म्हणाला. "फाल्यांपासून."

पलीकडून पदर नाकाला लावल्यासारखा एक आवाज आला, आणि मग नेहमीची भाग्यलक्ष्मी बोलू लागली. "बरा झाला. देवाक नारळ ठेवतंय. आणि आयकलांत? बाजारात आसात तर नुस्तें हाडा. काय हाडतलात? बांगडे बरे दिसले तर बांगडे हाडा, नायतर तारले, नायतर कोणाकतरी इचारा, काय ताजा आसा ता..."

"इसवण हाडतंय," कृष्णनाथ म्हणाला. "मोठी. अर्धी तळ, अर्ध्याचा हुमण कर. हुमणात तिरफळां घाल, आंबट कमी."

पलीकडे फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर गेल्याचा खरखराट झाला.

"हॅलो?" भाग्यलक्ष्मीचा आवाज आला, थोडा घाबरलेला, थोडा हसायला टेकलेला. "कोण बोलता हय?"

कृष्णनाथाने डोक्यावरचं नवं हेल्मेट काढून काखेत धरलं.

"मी गो," तो म्हणाला. "मीच."